अगं, आधी वाट बघ, मग सेट घे

अगं, सेट एवढ्यात मागवू नकोस. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा देऊन आलीस, व्हीयू थ्रीनं सुरू होणारा कॉलसाइन कधी हातात पडतो म्हणून डोळे लावून बसलीयस, आणि रोज रात्री मला एका नव्या हँडीचा, म्हणजे हातात मावणाऱ्या सेटचा, फोटो पाठवून विचारतेस, "ताई, हा घेऊ का?" तुझी घाई मला कळते. पण परवाना येण्याआधी सेट घरात आणून ठेवणंच मुळात नियमात बसत नाही. आणि परवाना आला तरी फोटो बघून सेट घ्यायचा नसतो. तुझा आवाज कोयनानगरहून निघून कुठे जाणार, कोणत्या वाटेनं जाणार, आणि ती वाट कशाच्या भरवशावर उभी आहे, हे आधी कळलं पाहिजे. एवढं कळलं की निम्मे सेट यादीतून आपोआप गळतात.

तू राहतेस ती जागा रेडिओला सोपी नाही. समोर एकशेतीन मीटर उंचीचं धरण, त्याच्या मागे थेट तापोळ्यापर्यंत गेलेला शिवसागर, आणि दोन्ही अंगांना सह्याद्रीच्या सोंडा. आपल्याला बोलायला मिळतात त्यातले दोन पट्टे हँडीवर चालतात: १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. या लहरी नजरेच्या रेषेत जातात, डोंगर ओलांडत नाहीत. क्वार्टरच्या व्हरांड्यात उभी राहून पाच वॉटचा हँडी हातात धरलास तर हेळवाकच्या बाजूला ऐकू जाईल, पण पाटणकडे दरीनं वळण घेतलं की डोंगर आडवा येतो. तोच हँडी घेऊन कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर गेलीस तर कोकणाची बाजू एकदम उघडी पडते. सेट तोच, बॅटरी तीच, फक्त उभं राहायची जागा बदलली. म्हणून मी तुला वॉटचे आकडे वाचून भुलू नकोस म्हणते.

आता डिजिटलचं. तुला ते का ओढतंय ते मला ठाऊक आहे. आवाज स्वच्छ येतो, बोलणाऱ्याचा कॉलसाइन पडद्यावर दिसतो, आणि दरीत बसून न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी हॅमशी गप्पा मारता येतात. हे सगळं खरं आहे आणि मलाही त्याचं अप्रूप आहे. पण त्यातला थोडा भागच रेडिओचा असतो, हे लक्षात घे. तुझ्या सेटमधून निघालेला आवाज आधी आकड्यांमध्ये बदलतो, मग हवेतून जवळच्या रिपीटरला, म्हणजे आवाज झेलून पुन्हा सोडणाऱ्या केंद्राला, किंवा त्याच्याच छोट्या भावंडाला, घरातल्या हॉटस्पॉटला जातो, तिथून पुढचा सगळा प्रवास इंटरनेटवरून होतो, आणि शेवटी दुसऱ्या टोकाचा रिपीटर तो पुन्हा हवेत सोडतो. कोयनानगरहून मुंबईला जाताना कराडला एसटी बदलावी, तसंच हे. कोणत्या स्टँडवर उतरायचं आणि पुढची कोणती गाडी धरायची, हे तुला सेटमध्ये आधीच लिहून ठेवावं लागतं. या लिहिण्यालाच राउटिंग म्हणतात, आणि ते प्रत्येक मोडमध्ये, म्हणजे डिजिटलच्या प्रत्येक प्रकारात, वेगळ्या पद्धतीनं लिहितात.

सगळ्यात आधी डी-स्टार समजून घे, घेणार नसलीस तरी. जपानच्या हौशी रेडिओ संघटनेनं ती पद्धत उभी केली, आणि वाट कशी लिहायची याचा इतका नेटका विचार मला दुसरीकडे दिसला नाही. त्यात चार रकाने असतात. 'माय'मध्ये तुझा कॉलसाइन. 'आरपीटी वन'मध्ये तुला ऐकू येणारा रिपीटर. 'आरपीटी टू'मध्ये त्या रिपीटरचा गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे उघडणारं दार. आणि 'युअर'मध्ये तुला कोण हवंय ते. रिपीटरच्या कॉलसाइनमध्ये आठव्या जागेचं अक्षर निर्णायक असतं: 'आरपीटी वन'ला तिथे मॉड्यूलचं अक्षर, 'आरपीटी टू'ला 'जी'. कॉलसाइन सहा अक्षरांचा असेल तर सातवी जागा रिकामी सोडून आठवीत हे अक्षर टाकायचं. नवीन माणसं ही रिकामी जागा विसरतात आणि मग सेट बिघडला म्हणून हळहळत बसतात.

'युअर'मध्ये 'सीक्यू सीक्यू सीक्यू' लिहिलंस तर जो ऐकेल त्याला हाक. पण तिथे एखाद्या मैत्रिणीचा कॉलसाइन लिहिलास, तर ती शेवटची कोणत्या रिपीटरवर बोलली हे जाळ्याला ठाऊक असतं, आणि तुझा आवाज थेट तिथे पोचतो. ती कोल्हापूरला असो की कोचीला, तुला माहीत असायची गरज नाही. मात्र तिनं उत्तर देताना तिच्या 'युअर'मध्ये तुझा कॉलसाइन असायला हवा, नाहीतर तिचं बोलणं तिच्याच गावात राहील. सेटवर त्यासाठी एक बटण असतं, ते दाबलं की आलेला कॉलसाइन परतीच्या पत्त्यावर बसतो. पुढे रिफ्लेक्टर आले, सगळे एका मोठ्या खोलीत जमून बोलू लागले, आणि एकेकट्याला शोधून हाक मारायची ही रीत मागे पडली. मला याचं वाईट वाटतं. ती रीत या छंदात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी वापरून बघावी.

डीएमआरचा जन्म वेगळा. युरोपात कारखाने, टॅक्सी, सुरक्षारक्षक यांच्यासाठी ते मानक तयार झालं, आणि हॅम मंडळींनी ते आपलंसं केलं. एकाच साडेबारा किलोहर्ट्झच्या जागेत ते वेळेचे दोन भाग, म्हणजे टाइमस्लॉट, पाडतं, प्रत्येक तीस मिलिसेकंदांचा. म्हणजे एका रिपीटरवर एकाच वेळी दोन वेगळी बोलणी चालतात, आणि तुझा सेट निम्माच वेळ लहर सोडत असल्यानं बॅटरीही वाचते. इथे वाट टॉकग्रुपच्या, म्हणजे बोलणाऱ्यांच्या गटाच्या, आकड्यानं लिहितात. ४०४ हा भारताचा, ९१ जगभराचा. तुझा स्वतःचा सात आकड्यांचा आयडीही ४०४ नंच सुरू होईल. परवान्याची प्रत दाखवली की तो फुकट मिळतो. मग वारंवारता, कलर कोड, टाइमस्लॉट, टॉकग्रुप, ऐकायच्या ग्रुपची यादी, हे सगळं एका फायलीत भरून सेटमध्ये घालायचं. तिला कोडप्लग म्हणतात. एक आकडा चुकला तरी सेट मुका. ९९९० वर प्रायव्हेट कॉल लावलास तर ब्रँडमायस्टर या डीएमआरच्या जाळ्यावरचा पोपट तुझंच बोलणं तुला परत ऐकवतो. पहिले काही दिवस त्याच्याशीच बोल. चुकून भलत्या ग्रुपला जोडली गेलीस तर ४००० लाव, सुटशील.

यासूचं फ्यूजन वापरायला सर्वांत सोपं. समोरचा साधं एफएम बोलतोय की डिजिटल हे सेट स्वतः ओळखतो. त्यावर फार सांगत नाही, कारण त्यात अडखळायला फारसं काही नाही. एम१७ नावाचा एक खुला मोडही आहे. डी-स्टार, डीएमआर आणि फ्यूजन, तिन्हींचा आवाज एकाच कंपनीच्या मालकीच्या कोडेकवर, म्हणजे आवाजाचे आकडे करणाऱ्या पद्धतीवर, चालतो; एम१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रो यांनी लिहिलेला कोडेक-टू आहे, जो कुणीही उघडून बघावा, शिकावा. तुझ्यासारख्या इंजिनिअरिंगला जाऊ बघणाऱ्या मुलीनं तो बघावाच, पण पहिला सेट म्हणून नव्हे.

आता मला खरं बोलायचंय ते ऐक. तुझ्या आजीला ११ डिसेंबर १९६७ ची पहाट विचार. अजून चार-सव्वाचारचा अंधार होता, आणि कोयनानगर काही क्षणांत ढिगाऱ्यात गेलं. निदान १७७ माणसं गेली. तेव्हापासून त्या भागात जमीन अधूनमधून हलतेच आहे, तुम्हा पोरांना तर छोट्या धक्क्याची सवयच झालीय. आणि २२ जुलै २०२१ ची रात्र तर तुला स्वतःला आठवत असेल. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे, तुझ्याच तालुक्यातली गावं दरडीखाली गेली. त्याच दिवशी घाटाखाली चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं, वीज गेली, मोबाइल बंद पडले, लोक नातेवाइकांचा आवाज ऐकायला तळमळत राहिले.

अशा रात्री तुझ्या डिजिटल सेटचं काय होईल याचा विचार कर. हॉटस्पॉट घरातल्या वायफायवर, वायफाय कॉलनीत आलेल्या केबलवर, केबल घाटरस्त्याच्या कडेनं. दरड आली की तुझा न्यू जर्सीचा रस्ता तिथेच तुटला. सेट चालू असेल, पडदा उजळलेला असेल, पण आवाज कुठेही जाणार नाही. रिपीटरचं इंटरनेट गेलं आणि त्याची बॅटरी शाबूत राहिली, तर त्याच्या टप्प्यातल्या लोकांशी तरी बोलता येतं. पण त्यासाठी तो रिपीटर तुझ्या दरीतून ऐकू यायला हवा.

आणखी एक गोष्ट. साधं एफएम कमजोर झालं की खरखर वाढते, पण खरखरीतून "मिरगाव", "जखमी", "रस्ता बंद" असे शब्द कान वेचून घेतो. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम तुटतो. काही तुकडे, आणि पुढे काहीच नाही. डोंगरावर आपटून आलेली लहर आणि सरळ आलेली लहर एकमेकींत मिसळली तरी आकडे बिघडतात, आणि तुझ्या दरीत असं होणारच. म्हणून माझं ठाम मत आहे: कोयनानगरमध्ये पहिला सेट असा हवा ज्यात साधं एफएम उत्तम आहे आणि डिजिटल वर आहे. नुसता डिजिटल नको.

भारती प्रसाद यांचं नाव ऐकलंयस ना? डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या तुकडीबरोबर त्या अंदमानला गेल्या होत्या. हौशी रेडिओला तिथे कित्येक वर्षांनी परवानगी मिळाली होती, आणि जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्क साधायला धडपडत होते. २६ तारखेला त्सुनामी आली, बेटांची दूरध्वनी व्यवस्था कोलमडली, आणि त्यांनी तेच सेट माणसांच्या खुशालीचे निरोप देण्याकडे वळवले. त्यांचा आवाज शॉर्टवेव्हवर होता. वरच्या वातावरणातल्या थरावरून परतून तो थेट भारताच्या मुख्य भूमीवर उतरत होता, मध्ये ना केबल, ना टॉवर, ना कुणाचा सर्व्हर. वाट कशावर उभी आहे हे आधी बघ, असं मी तुला पुन्हा पुन्हा म्हणते ते यासाठी.

पुढे कधी पैसे जमले की ७ मेगाहर्ट्झचा सेट घे. साधारण वीस मीटर तार जमिनीपासून चार-पाच मीटर उंचीवर आडवी ताणलीस की दिवसा लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात खाली उतरते. मग सोंडा आडव्या आल्या तरी फरक पडत नाही. दऱ्याखोऱ्यांतल्या माणसाला ही गोष्ट फार उपयोगाची आहे, आणि मोठमोठ्या शहरांतल्या हॅमना तिचं महत्त्व तितकं जाणवत नाही.

बरं, आता सेट. बाजारात जाशील तेव्हा पहिला प्रश्न हा विचार: कीपॅडवरून वारंवारता हातानं टाकता येते का? काही डीएमआर सेट नुसते कोडप्लगवर चालतात, लॅपटॉप जोडल्याशिवाय त्यांत नवा चॅनल घालता येत नाही. अंधारात, पावसात, कुणी सांगितलं की १४५ च्या अमुक वारंवारतेवर ये, तर तुला दोन बोटांनी तिथे जाता आलं पाहिजे. हे ज्यात नाही तो सेट कितीही स्वस्त असो, सोड.

दुसरा प्रश्न, दोन्ही पट्टे आहेत का. तिसरा, पाणी. तुझ्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर नुसता कोसळतो. आयकॉमचा आयडी-५२ आणि यासूचा एफटी-५डी पाण्यात पडूनही टिकतील असे बांधलेले आहेत. यासूचा एफटी-७०डी शिंतोडे सोसतो, बुडणं नाही. एनीटोनचा डी८७८यूव्ही डीएमआरसाठी फार आवडता आहे, त्यात खूप काही आहे, पण त्याला पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची तयारी हवी. टीवायटीचे एमडी-यूव्ही३८० आणि ३९० खिशाला परवडतात. केनवूडचा टीएच-डी७५ देखणा आणि महाग; तो आत्ता मनातून काढून टाक.

मी तुझ्या जागी असते तर एफएम आणि डीएमआर दोन्ही असलेला, दोन पट्ट्यांचा, परवडणारा हँडी घेतला असता, आणि उरलेल्या पैशात दुसरी बॅटरी आणि छपरावर लावायचा चांगला अँटेना. सेटबरोबर येणारा रबराचा अँटेना दरीत फार कमी पडतो. छतावरच्या साध्या जे-पोल अँटेनानं जेवढा फरक पडतो तेवढा दुप्पट किमतीच्या सेटनं पडत नाही. कोअ‍ॅक्स केबल लांबलचक आणि बारीक घेऊ नकोस, आवाज तिच्यातच मुरतो. आणि जोडावर पाणी आत न जाऊ देणारी रबरी टेप पक्की गुंडाळ, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात केबल आतून ओली होऊन बसेल.

डी-स्टार किंवा फ्यूजन कधी घ्यायचं? तुझ्या टप्प्यात येणारा रिपीटर त्या मोडचा असेल, किंवा जिच्याशी तुला रोज बोलायचंय ती मैत्रीण त्या मोडवर असेल तेव्हा. आधी चौकशी कर. साताऱ्यात, कराडला, सांगलीत, चिपळूणला कोण हॅम आहेत, ते काय वापरतात, कोणता रिपीटर घाटमाथ्यावरून ऐकू येतो. तोवर ब्रँडमायस्टरवर काय बोललं जातं ते इंटरनेटवर नुसतं ऐकता येतं, त्याला सेट लागत नाही. रोज संध्याकाळी थोडं ऐकत जा. बोलायच्या रीती त्यातूनच कळतात. जोडलेल्या जाळ्यावर दोघांच्या बोलण्यात दोन-तीन सेकंद रिकामे सोडायचे असतात, म्हणजे ज्याला निकडीचं सांगायचंय त्याला मध्ये शिरता येतं. ही रीत पाळणारी माणसं मला फार आवडतात.

हॉटस्पॉट घेतलास तर त्याच्या वारंवारतेकडे नीट लक्ष दे. बाहेरून तयार भरून आलेल्या फायलींत ४३८ च्या वरचे, ४४६ चेही चॅनल असतात. ते आपल्या पट्ट्यात येत नाहीत. ४३५ ते ४३८ चा भाग उपग्रहांसाठी मोकळा सोडायची रीत आहे, म्हणून ४३४ आणि ४३५ च्या मध्ये कुठेतरी बस, शक्ती कमीत कमी ठेव, आणि जोडण्याआधी परवान्यासोबतच्या अटी एकदा शांतपणे वाचून काढ. डीएमआर सेटमध्ये संदेश कुलूपबंद करायची सोय असते, ती कायम बंद. हॅमचं बोलणं उघडंच असलं पाहिजे.

उपग्रहावरून आठवलं. दरीला वरचं आकाश मोकळं असतं. भारताचा हॅमसॅट ५ मे २००५ ला पीएसएलव्हीनं वर गेला आणि २०१४ पर्यंत जगभरच्या हॅमनी तो वापरला. आज अंतराळ स्थानकावरचा रिपीटर ४३७.८०० वर ऐकू येतो. स्थानक डोक्यावरून जात असेल तेव्हा तुला डोंगर चढायचीही गरज नाही.

डोंगरावरून एक सांगते, आणि हे ऐकच. धरणाच्या भिंतीजवळ, वीजगृहाच्या आसपास अँटेना घेऊन उभी राहू नकोस; तिथल्या सुरक्षारक्षकाला तुझा छंद काय कळणार. परवान्याची झेरॉक्स नेहमी पिशवीत असू दे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय उंच जागा शोधत शिरू नकोस. घाटमाथ्यावर जायचं तर बाबांना किंवा दादाला बरोबर ने.

आणि आता जे दुसरं कुणी तुला सांगणार नाही ते. डिजिटल सेटमध्ये जीपीएस असतं. बऱ्याच सेटमध्ये ते चालू केलं की बटण दाबताक्षणी तू कुठे उभी आहेस ते जाळ्यावर जातं आणि नकाशावर दिसतं. ते बंद ठेव. आपत्तीत लागेल तेव्हा चालू कर. ऑनलाइन कॉलबुकात नाव नोंदवताना घराचा नंबर, क्वार्टरचा टाइप, फोटो घालू नकोस, गाव पुरे. मुलीचा आवाज ऐकला की काही जण गप्पा लांबवतात, पुन्हा पुन्हा हाक मारतात, फोन नंबर मागतात. बहुतेक माणसं फार चांगली आहेत, आजोबांच्या वयाची माणसं तुला सर्किट समजावून सांगतील. पण जिथे मन कचरेल तिथे "सेव्हन्टी थ्री", हा हॅमचा निरोपाचा शब्द, म्हणून चॅनल बदलायचा तुला पूर्ण हक्क आहे. कारण द्यायची गरज नाही. मला मात्र सांगायचं, त्याच दिवशी.

कॉलसाइन आला की आधी मला कळव. मग आयडीचा अर्ज आपण मिळून भरू, आणि कोडप्लग मी शेजारी बसून तुझ्याच हातून भरून घेईन. पहिला टॉकग्रुप ४०४ नको, पोपट. आणि त्याच्याही आधी १४५ वर साधं एफएम: तू छपरावर, मी हेळवाकच्या फाट्यावर.